न विकलेल्या बाटलीचा हिशेब

शेतीच्या औषधांच्या कंपनीत नोकरी केली, असं कोथरूडमध्ये सांगितलं की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. पहिली, चेहरा किंचित आंबट करून, 'म्हणजे विषं विकत होतात!' दुसरी पाच मिनिटांनी, आवाज खाली आणून, 'आमच्या जास्वंदीवर पांढरं काहीतरी पडलंय, काय मारू?' बहुतेकदा दोन्ही एकाच माणसाच्या असतात. मला राग येत नाही. नोकरीची सगळी वर्षं मीही याच दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी उभा होतो. आधी सांगली, मग नाशिक, मग वऱ्हाड आणि शेवटी पुण्यातल्या ऑफिसात फिरती खुर्ची. हल्ली या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांच्या मुखपृष्ठावर हिरवं शेत असतं आणि आत पानोपानी 'शाश्वत शेती' आणि 'संवर्धन'. त्या शब्दांचं शिवारात काय होतं, त्याबद्दल मला जे थोडंफार उमगलं ते इथे मांडतो. उपदेश करण्याइतकं काही जमलेलं नाही.

१. शेतकरी कंपनीचं ऐकत नाही, काउंटरचं ऐकतो.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून बाहेर पडताना माझी समजूत होती, की आपण शिवारात उतरलो की लोक वह्या काढून बसतील. प्रत्यक्षात मी तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बघत असायचो. शेतकरी येतो, म्हणतो, 'वांग्यावर अळी आहे, पानंपण पिवळी पडलीत.' दुकानदार एकदा त्याच्याकडे बघतो, एकदा रॅककडे, एकदा उधारीच्या वहीकडे. मग काउंटरवर तीन बाटल्या येतात: एक किडीची, एक बुरशीची, एक टॉनिक. शेतकरी तिसरीला नाही म्हणत नाही, कारण मागच्या हंगामाची बाकी अजून वहीत आहे. दुकानदाराला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण रात्री आठ वाजता गावात उघडं असतं ते त्याचंच दुकान. सरकारी कृषी सहायकाकडे गावं इतकी, की तो पोचेपर्यंत अळीचा कोष झालेला असतो. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेने २००३ पासून विक्रेत्यांसाठी वर्षभराची पदविका सुरू केली. ती केलेला दुकानदार बोलण्यावरून ओळखू येतो, हे मी स्वतः पाहिलंय. तरी मूळ गाठ सुटत नाही. ज्या डॉक्टरचं घर औषधाच्या दुकानावर चालतं, त्याच्या तोंडून 'काही घेऊ नका, दोन दिवसांत बरं वाटेल' हे ऐकायला मिळणं अवघडच. आणि त्या दुकानदाराला आम्ही काय देत होतो? स्कीम. इतके कार्टन उचलले तर सोन्याचं नाणं, त्याच्या दुप्पट उचलले तर थायलंड. थायलंडला जायचं तर तिसरी बाटली काउंटरवर यायलाच हवी.

२. कंपनीतलं सगळ्यात चांगलं शास्त्र बाटलीला चिकटवलेल्या घडीच्या कागदावर असतं, आणि तो कागद कोणी उघडत नाही.

अक्षर मुंगीएवढं, भाषा कायद्याची. पीक कोणतं, कीड कोणती, पाण्यात किती मिसळायचं, शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस तोडणी करायची नाही, विषबाधा झाली तर डॉक्टरांनी काय द्यायचं, हे सगळं त्यात असतं. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याने ते बंधनकारक केलंय. शेतात मात्र माप ठरतं बाटलीच्या झाकणाने: एका पंपाला दोन झाकणं, कीड जास्त दिसली तर तीन. बाटलीवरच्या त्रिकोणाचं तर विचारूच नका. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. सांगली भागातल्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने मला विचारलं होतं, 'लाल म्हंजे जोरदार न्हवं का? मग त्येच द्या की. हिरव्यात काय, पाणीच असंल.' मी त्याला हसलो, आणि नंतर मलाच एक गोष्ट नव्याने जाणवली. हे त्रिकोण ठरतात प्रयोगशाळेतल्या उंदरांसारख्या प्राण्यांवर औषध किती घातक आहे त्यावरून, म्हणजे पर्यायाने माणसाला असलेल्या धोक्यावरून. मधमाशीबद्दल, माशाबद्दल, ओढ्यातल्या बेडकाबद्दल तो रंग काहीच सांगत नाही. हिरव्या त्रिकोणाची बाटली हातात धरून पर्यावरणावर भाषण ठोकणारे आमच्यात कमी नव्हते. मीही ठोकलीच असतील.

३. उद्योगाने काहीच सुधारलं नाही, असं म्हणणं मात्र खोटं.

माझ्या लहानपणी बीएचसीची भुकटी हेक्टरी वीस-वीस किलोने धुरळायचे. शेताला तो वास आठवडाभर असायचा आणि आम्हाला तो शेतीचाच वास वाटायचा. १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. आज अळीवरची काही औषधं अशी आहेत, की एकराला साठ मिली पुरतात आणि त्यातला खरा घटक दहा-बारा ग्रॅमच असतो. ही किमया संशोधकांची, आणि त्यासाठी कंपन्यांनी पैसा घातला हेही खरं. फक्त साठ मिलीचं औषध चांगलं चाललं की पुढच्या वर्षी गावातला प्रत्येक जण तेच आणि वारंवार मारतो. मग अळी त्याला सरावते आणि संशोधकांची कित्येक वर्षांची मेहनत चार-पाच हंगामांत धुपून जाते. 'हेच औषध लागोपाठ दोनदा मारू नका' असं लेबलवर लिहिणारा विभाग आणि ते औषध लागोपाठ विकलं जावं म्हणून टार्गेट देणारा विभाग एकाच मजल्यावर बसायचे. मधे कॉफीचं मशीन होतं.

४. नोझल.

एवढंच लिहून थांबलो तरी चालेल. हजारोंची औषधं घेणारा माणूस काही रुपयांचं झिजलेलं नोझल बदलत नाही. मग थेंब मोठे पडतात आणि पानावरून घरंगळून मातीत जातात. मातीत पडलेलं औषध कोणतीही कीड मारत नाही, गांडुळाला आणि विहिरीला मात्र पोचतं. बोअरचं पाणी खारट-अल्कधर्मी असेल तर काही औषधं टाकीतच अर्धमेली होतात. नोझल आणि पाण्याचा सामू या विषयावर मी हौसेने एक स्लाइड शो केला होता. विक्रीच्या बैठकीत तो नेहमी जेवणानंतर ठेवायचे.

५. माझ्या डोळ्यांदेखत शेती सुधारली ती युरोपातल्या एका प्रयोगशाळेच्या भीतीने.

हे लिहिताना थोडं लाजायला होतं, पण द्राक्षाची गोष्ट अशीच आहे. २००३ मध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले म्हणून युरोपातून इशारे आले. त्यानंतर शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या 'अपेडा'ने उर्वरित अंश तपासणीची योजना आखली. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली, आणि २००६ पासून 'ग्रेपनेट'मध्ये निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद होऊ लागली. बाग कुठली, कोणतं औषध केव्हा मारलं, नमुना कधी काढला, सगळं कागदावर. सुरुवातीला मला वाटलं, हे सगळं फायलीत राहील.

मग आलं २०१० साल. वेलीची वाढ रोखून घड चांगले लागावेत म्हणून खरड छाटणीनंतर क्लोरमेक्वॅट, म्हणजे बागायतदारांचं 'सीसीसी', सर्रास मारलं जायचं. फळ धरायच्या कितीतरी महिने आधी मारलेलं, म्हणून ते कोणाच्या गणतीतच नव्हतं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. ते वेलीत साठून राहिलं, घडात उतरलं आणि युरोपच्या बंदरांत माल अडकला. नाशिकच्या आणि तासगावच्या कित्येक घरांचं त्या वर्षीचं सगळं गणित कोसळलं.

मला थक्क केलं ते त्यानंतरच्या दोन हंगामांनी. दिंडोरी भागातल्या एका बागेत गेलो होतो. मालक शाळा अर्धवट सोडलेला. त्याने मला ओट्यावर बसवून चहा दिला आणि विचारलं, 'साहेब, तुमच्या या औषधाचा पीएचआय तुम्ही चाळीस दिवस लिहिलाय. युरोपची एमआरएल बदलली, तर चाळीस पुरतील का?' पीएचआय म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचे दिवस, एमआरएल म्हणजे फळात चालणाऱ्या अंशाची कमाल मर्यादा. माझ्या ब्रोशरमध्ये त्याच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. त्याच्या वहीत होतं: मांजरीच्या यादीतली नोंद, तारखेसह. लेबल क्लेम, पीएचआय, एमआरएल हे शब्द त्या पट्ट्यात आता 'केवडा' आणि 'भुरी' या रोगांच्या नावांइतकेच घरगुती झालेत. हजारो शेतकऱ्यांनी फवारणीच्या नोंदी ठेवायला शिकणं, ही माझ्या मते महाराष्ट्राच्या शेतीतली गेल्या पंचवीस वर्षांतली एक मोठी गोष्ट आहे, आणि तिचं श्रेय आम्हा कंपनीवाल्यांना फार थोडं जातं.

एक बोचरी बाब राहतेच. ती वही आहे रॉटरडॅमसाठी. कर्वे रस्त्यावरच्या हातगाडीवर येणाऱ्या घडाला इतक्या कडक चाळणीतून जावं लागत नाही. आपल्याकडेही मर्यादा कायद्याने ठरलेल्या आहेत, पण बागेपासून गाडीपर्यंत प्रत्येक घडाचा माग ठेवणारं कोणी नाही. आपण तो मीठ-सोड्याच्या पाण्यात बुडवतो आणि मनाचं समाधान करून घेतो.

६. सगळ्यात मोठी हार मला मुंगीपेक्षा लहान किड्यांकडून पत्करावी लागली, आणि ती मला आवडली.

२००२ च्या पावसाळ्यात सांगली भागात उसावर लोकरी मावा दिसला. बघता बघता कोल्हापूर, सातारा, पुढे पुणे जिल्हा. पानांच्या खाली कापूस चिकटवल्यासारखा थर, वरून चिकट काळपट पान. आमच्या ऑफिसात, खरं सांगतो, कोणी शोक केला नाही. उसाचं क्षेत्र केवढं, एकरी किती लिटर, असे आकडे फळ्यावर चढले. पण डोक्याच्या वर गेलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कोण? आणि जिथे शिरले, तिथे माव्याबरोबर माव्याला खाणारेही मेले. शेवटी कामाला आले डिफा आणि मायक्रोमस हे परभक्षी आणि एन्कार्शिया ही चिमुकली गांधीलमाशी. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने, कृषी विद्यापीठांनी आणि कारखान्यांनी ते वाढवले, शेतकऱ्यांनी माव्यासकट पानं तोडून एकमेकांच्या उसात नेऊन बांधली, आणि साथ ओसरली. फळ्यावरचे आकडे कोणीतरी शांतपणे पुसले.

पुढे २०१० च्या सुमारास पपईवरच्या पिठ्या ढेकणाने हेच नाटक पुन्हा केलं. औषधं मारून शेतकरी थकले. पोर्तो रिकोहून बंगळूरूला आणलेली अॅसेरोफॅगस नावाची, नीट दिसणारही नाही एवढी गांधीलमाशी सोडली आणि तिने काम केलं. मला या किड्यांचं एवढं कौतुक, की घरात चेष्टा होते. पावसाळ्यात म्हातोबाच्या टेकडीवर फिरायला गेलो की मी गाजर गवताच्या पानांवर मेक्सिकन भुंगा शोधत बसतो. या गवताची भारतातली पहिली नोंद आपल्या पुण्यातलीच, १९५५ ची. त्याला खाणारा भुंगा आला तो १९८४ मध्ये, बंगळूरूमार्गे. गवत संपलेलं नाही, पण भुंगा जिथे जमतो तिथे त्याची चाळण करतो, आणि त्याला टार्गेट द्यावं लागत नाही.

७. 'वापर चुकला' हे वाक्य मी पुष्कळ वेळा ऐकलं. २०१७ नंतर ते मला गिळवेना.

त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. सरकारने विशेष पथक नेमलं, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. कपाशी त्या साली डोक्याएवढी झाली होती. फवारा वर मारायचा आणि तो आपल्याच तोंडावर यायचा. दोन-तीन औषधं एकत्र केलेली, वर दमट उकाडा, पाय अनवाणी. फवारणारे बरेच जण रोजाने आलेले मजूर, ज्यांनी ती बाटली विकत घेतली नव्हती आणि जिचं लेबल त्यांच्या हातात कधीच आलं नव्हतं. उद्योगातले लोक म्हणाले, संरक्षक कपडे घातले नाहीत. बरोबर आहे, घातले नाहीत. तो ॲप्रन, मास्क, चष्मा आणि रबरी हातमोजे मी एकदा घातले होते, पुण्यात, एसी हॉलमध्ये, पत्रकाच्या फोटोसाठी. फोटोग्राफरने तीन मिनिटं जास्त घेतली तर मी कुरकुर केली. ऑक्टोबरच्या उन्हात विदर्भात ते अंगावर घेऊन पंधरा लिटरचा पंप पाठीवर टाकून माणूस दिवसभर चालेल, हे गृहीत धरणाऱ्यांनी आधी एक तास चालून दाखवावं. जे औषध सुरक्षित वापरायला लागणारी परिस्थिती शेतात असूच शकत नाही, ते त्या शेतासाठी सुरक्षित नाही, असं माझं मत झालंय. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला मनाई होऊन कित्येक वर्षं झाली होती. सगळ्याच पिकांवरच्या बंदीला २०२३ उजाडलं.

८. संवर्धनाचा पैसा एका खिशात असतो आणि विक्रीचा दुसऱ्या.

गुजरातच्या खेडा-आणंद भागात 'यूपीएल' कंपनीने २०१५ पासून सारस क्रौंचांसाठी काम केलंय. भातशेतीत घरटी करणारा हा पक्षी. गावातल्याच लोकांना राखणदार केलं, अंडी वाचवली, आणि पाचशेच्या आसपास असलेली संख्या हजाराच्या वर गेली. मला याचा निखळ आनंद आहे. कुत्सितपणे बघायचं काही कारण नाही. फक्त विचार येतो, की असा एखादा पक्षी सेल्स ऑफिसरच्या मासिक आढाव्यात आला तर काय होईल?

मधमाशीचं उदाहरण घ्या. बुलढाणा-जालना पट्ट्यात कांद्याचं बियाणं घेतात. गोंडे फुलले की परागीभवनासाठी माश्या हव्यातच, नाहीतर बी भरत नाही. त्याच वेळी फुलकिडे येतात आणि फवारा होतो. बी हलकं निघालं की तक्रार बियाण्याची होते, आणि पुढच्या वर्षी मधपाळ पेट्या आणायला तयार होत नाही. आपल्या गणेशखिंड रस्त्यावर १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे. तिथली साधी शिकवण एका ओळीची: फुलोऱ्यात मारू नका, मारावंच लागलं तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी. ही ओळ पाळली की एक-दोन फवारण्या कमी होतात. कमी झालेल्या फवारणीला आमच्या तक्त्यात रकाना नव्हता. मी एकदा तसा रकाना सुचवला. वरिष्ठांनी विचारलं, 'न विकलेल्या बाटलीवर इन्सेन्टिव्ह कोण देणार?' प्रश्न चोख होता.

९. कोथरूडला सेंद्रिय हवं असतं, पण अळी नको असते.

शेतकरी आठवडे बाजारात मी हौसेने जातो. 'विषमुक्त' पाटीखाली वांगी असतात. गिऱ्हाईक एकेक वांगं फिरवून बघतं आणि ज्याला टाचणीएवढं भोक असेल ते बाजूला टाकतं. वांग्यातली ती अळी शेंड्यात आणि फळात शिरते, आत गेली की औषधालाही दाद देत नाही, म्हणून शेतकरी ती आत जाण्याआधीच पुन्हा पुन्हा फवारत राहतो. बिनभोकाच्या वांग्याची किंमत तो अशी मोजतो. कामगंध सापळे लावून, किडलेले शेंडे खुडून आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारून हे बरंच कमी होतं. पण पाच किलो निंबोळ्या कुटायच्या, रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर करायच्या, आणि हे सगळं दर काही दिवसांनी, मजूर मिळाला तर! सेंद्रिय म्हणजे रसायनाविना, हेही अर्धंच खरं आहे. बोर्डो मिश्रण सेंद्रिय बागेतही चालतं, आणि त्यातलं मोरचूद वर्षानुवर्षं मारलं की तांबं मातीत साठतच जातं. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'तुम्ही अजून कंपनीचीच बाजू घेता.' घेतही असेन. सवय जाता जात नाही.

१०. सल्ला आणि बाटली एकाच हातून मिळणं थांबल्याशिवाय अहवालांतल्या 'शाश्वत शेती' आणि 'संवर्धन' या शब्दांना फारसा अर्थ येणार नाही.

द्राक्ष पट्ट्यात बागायतदार एकरी फी देऊन सल्लागार ठेवतात. त्यातले काही जण दुकानाशीही संधान बांधून असतात, तो भाग सोडा. पण सल्ल्याला पैसे मोजायचे असतात हे तिथे रुजलंय. कापूस, तूर, सोयाबीनवाल्याला ती फी परवडत नाही. ती कोणी भरायची, सरकारने, गटाने की कंपन्यांनी, हा खरा चर्चेचा विषय. तोवर एक विनंती. कोथरूडमधल्या पुष्कळ घरांची गावाकडे थोडी तरी जमीन असते, भाऊ किंवा पुतण्या ती बघतो, आणि त्याचा फोन आला की आपण औषधाला पैसे पाठवून मोकळे होतो. पुढच्या वेळी पाठवण्याआधी त्याला जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जायला सांगा. आपल्या पुणे जिल्ह्यात अशी दोन केंद्रं आहेत, बारामतीला आणि नारायणगावला. पान, फळ, जमलं तर कीडसुद्धा बरोबर न्यावी. तिथे बाटली विकण्यावर कोणाचा पगार ठरत नाही. दुकानात जायचं ते तिथून परत आल्यावर, आणि एकच बाटली मागायची.